सदतिसाव्या तबकडीपासून पुढे

मामा, तुम्ही माझ्या हातून खोटं लिहून घेतलंत. तेही पाण्यानं न पुसणाऱ्या शाईनं.

तुम्हाला जाऊन सहा दिवस झाले. दौंडच्या या घराला अजून नदीचा वास आहे. भिंतीवर खाटेच्या उंचीला पाण्यानं ओढलेली तपकिरी रेघ आहे आणि तिच्याखाली चुना पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो आहे. लोक येतात, तुमच्या फोटोपुढे हात जोडतात आणि मला सांगतात की असा कान पुन्हा होणार नाही. मी मान हलवते. ओठांच्या आत दातांवर दात दाबलेले असतात. रविवारी तुमचं पुण्यानुमोदन आहे. 'ताई, तुम्ही कविता करता, दोन शब्द तुम्हीच बोला,' असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. मला दोन शब्द बोलायचे नाहीत. मला भांडायचं आहे, आणि भांडायच्या वेळी तुम्ही जागेवर नाही, हे मला मुळीच खपलेलं नाही.

चाळीस वर्षं तुम्ही लग्नाच्या मांडवांत भोंगा लावलात. न्हावऱ्यापासून यवतपर्यंत क्वचितच एखादं गाव असेल, जिथल्या लिंबाच्या फांदीला तुमच्या दोरीचा वळ नाही. सुट्टी लागली की आई मला तिच्या या धाकट्या भावाकडे धाडायची, आणि मांडवात रेकॉर्ड प्लेअरशेजारी बसण्याचा मान माझा असायचा. माझ्या कवितेला लय कुठून आली असं कुणी विचारलं की मी वृत्तांच्या पुस्तकांकडे बोट दाखवते. ते खरं नाही. तुमच्या एका तबकडीवर आडवा ओरखडा होता. दर फेऱ्याला पिन तिथं 'टक्' करायची. ओळ कुठलीही असो, ती टक् ठरल्या जागी यायची आणि मी श्वास धरून तिची वाट पाहायची. यती म्हणजे ओळीतला ठरलेला थांबा, हे मला तिथं कळलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते आहे, आणि रागानंच सांगते आहे.

तुमच्या दोन ट्रंका होत्या. निळीत आपली गाणी: वंदना, भीमगीतं, जलशातली कवनं. पांढऱ्या पत्र्याच्या ट्रंकेत इतर सगळ्यांची: भजनं, हळदीची गाणी, सिनेमातली, लावण्या, पाळणे. बागायतदारांच्या मांडवात निळी ट्रंक टेम्पोतून खाली उतरत नसे. एकदा नवरदेवाचा कुणी चुलता पानाची पिंक टाकून म्हणाला होता, 'ती तुमची गाणी नकोत हां हितं.' तुम्ही हसून 'व्हय, व्हय' म्हणालात. मी आठ वर्षांची होते आणि माझे कान तापले होते. परतताना विचारलं तर तुम्ही म्हणालात, 'ती आपल्या घरची हायेत. घरचं सोनं बाजारात कशाला घालून फिरायचं?' तेव्हाही मला ते पटलं नव्हतं. सगळा राग गिळून वर हसणं, हे तुमचं कसब मला कधीच जमलं नाही. आता कळतं, तुम्ही पुढं आणखीही बरंच काही असंच हसून गिळलंत.

या पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि भीमेनं नदीकाठची आपली वस्ती धरली. मामी कवठे येमाईला बहिणीकडे गेली होती. घरात तुम्ही एकटे. पाणी खाटेला टेकलं तेव्हा शेजारच्या गयाबाईंनी दार ढकलून तुम्हाला दंडाला धरून बाहेर ओढलं. ट्रंका तीन दिवस पाण्याखाली राहिल्या. मी शिरूरहून आले तेव्हा तुम्ही ओल्या ओट्यावर बसला होतात आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होतात: 'कुणी सांगितलंच न्हाई गं पोरी. एका शब्दानं न्हाई. गुपचूप पाणी सोडलं.'

मी पेटून कचेरीत गेले. दोन पानी तक्रार लिहिली. माझ्या इतर कुठल्याही लिखाणापेक्षा ती अधिक नेटकी होती. टेबलामागचा कारकून शांतपणे म्हणाला, 'मॅडम, रिक्षा फिरली होती. तीनदा. भोंगा लावून.' मी म्हणाले, 'ज्या माणसानं उभा जन्म भोंगा वाजवला त्याला भोंगा ऐकू आला नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?' त्यानं माझ्या तक्रारीवर शिक्का मारला. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मला माझं वाक्य फार आवडलं होतं, मामा. परतीच्या एसटीत मी ते दोनदा मनात म्हटलं.

मग आपण धुवायला बसलो. तीन महिन्यांतले बहुतेक रविवार. न्हावरे, चौफुला करत मी दहाच्या सुमाराला पोचायची. ट्रंक उघडली की ओल्या पुठ्ठ्याचा, शेवाळाचा आणि आंबलेल्या पिठासारखा असा एक मिश्र वास यायचा. पाकिटं भिजल्या भाकरीसारखी एकमेकांत गेलेली. त्यांच्यावरच्या चित्रांतल्या बायकांचे गाल एकमेकींच्या कपाळांवर उमटलेले. बोटांनी हळूहळू सगळं सोलायचं. घमेल्यात गार पाणी, कोमट चालायचं नाही. रिठ्याचे दोन थेंब. दाढीचा मऊ ब्रश रेघेरेघेनं गोल फिरवायचा. माझा हात जरा आडवा गेला की तुम्ही मनगटावर चापट मारायचात.

'आडवं न्हाई, आडवं न्हाई! शेत नांगरतीस का काय?'

'मामा, गाळ निघत नाहीये.'

'एवढी कविता शिकलीस आन् गोल फिरवता यीना व्हय?'

गाळ सुटला की खालून तो काळा उजेड वर यायचा. धुतलेल्या तबकड्या मामीच्या ताटाळ्यात उभ्या करून सावलीत ठेवायच्या, कारण ऊन लागलं की त्या पापडासारख्या वाकतात. ताटाळ्यात ताटांच्या जागी गाणी निथळत उभी, आणि मामी परातीत वाढायची. ते रविवार सुंदर होते. ते सुंदर होते म्हणूनच मला आज इतका संताप येतो आहे.

तबकड्या वाचल्या, पण त्यांच्या मधल्या कागदी चकत्या वाचल्या नाहीत. गाण्याचं, गाणाऱ्याचं नाव असलेला कागद लगदा होऊन गेला होता. दोन्ही ट्रंकांतल्या तबकड्यांचा एकच ढीग झाला होता, आणि त्यात भीमगीत कुठलं, लावणी कुठली, हे वरून कुणालाही सांगता आलं नसतं. तुम्हाला येईल, असं सगळे म्हणाले. तुम्हीही म्हणालात.

अँप्लिफायर पाण्यात बसला होता. तो यवतच्या मेकॅनिककडे दिलेला. प्लेअरची मोटर तेवढी सुकून फिरत होती. मी म्हणाले, आधी अँप्लिफायर आणू, मग नावं लावू. तुम्ही हातानं उडवून लावलंत. 'पिन सोता गाती. जुन्या माणसाला माहीत हाय ते. तुला न्हाई यायची ऐकू, तुझा कान कवितेचा.' खरंच, नुसती पिनही गाते, पण डासाएवढी. समोर बसून मला किणकिण तेवढी ऐकू यायची, आणि मागच्या रुळांवरून मालगाडी गेली की तीही बुडायची. तुम्ही मान वाकवून कान पिनेशी न्यायचात, डोळे मिटायचात, दोन बोटं प्लेअरच्या लाकडावर ठेवायचात. मला वाटायचं, ताल धरता आहात. मला वाटायचं, ही साधना आहे. त्या दोन बोटांवर मी कविता लिहिली. ती एका दिवाळी अंकात छापून आली, मामा. लोकांनी पत्रं पाठवली.

'लिही,' तुम्ही म्हणायचात, आणि मी लिहायची. पेल्याच्या तोंडानं आखून कापलेली चकती, तिच्यावर माझं वळणदार अक्षर, मागं गव्हाच्या पिठाची खळ. वहीत आकडा आणि नाव. चकती एकाच बाजूला. 'मागची ऱ्हाऊ दे कोरी,' तुम्ही म्हणालात. 'म्होरची कळली की मागची आपसूक आठवती.' पहिल्या छत्तीस तबकड्यांना जुन्या कागदाचं एखादं चिटोरं, रंगाचा एखादा कोपरा चिकटून होता. सदतिसाव्यापासून पुढं सगळ्या निव्वळ काळ्या. तुम्ही जराही अडखळला नाहीत. एक्क्याऐंशीवर आपण थांबलो, आणि मी तुमच्या पायाला हात लावला.

अँप्लिफायर त्यानंतरही यवतलाच राहिला. दर वेळी 'कशाला घाई करतीस' म्हणत तुम्ही तो आणू दिला नाहीत.

काल मी तो आणला. रविवारी भाषणाऐवजी तुमची एक तबकडी लावावी, एवढंच मनात होतं. घरात पंधरावीस माणसं बसली होती. वहीत पाहून मी सदतिसावी काढली. चकतीवर माझ्याच अक्षरात: वंदना. पिन ठेवली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. आणि स्पीकरमधून ढोलकी कडाडली. पाठोपाठ घुंगरू, आणि मग ठसक्यात लावणी.

कुणीच हललं नाही. जोडलेले हात जोडलेलेच राहिले. मग गयाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, 'आगं बया! मामा गेलं तरी खोडी जाईना त्यांची!' कोपऱ्यात कुणीतरी फुसकन हसलं. मी अडतिसावी लावली. तिच्यावर हळदीचं गाणं लिहिलेलं, वाजलं भजन. एकोणचाळिसावीवर वरातीचं; वाजला पाळणा. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. सहा तबकड्यांनंतर मी पिन उचलून ठेवली.

मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पदराचं टोक पिळत होती. मी तिच्यापुढं बसले.

'मामी, हे काय आहे?'

'त्यास्नी ऐकू येत नव्हतं, बाई. चार वर्सं झाली. डावा कान आधीच गेल्ता, मग उजवा बी गेला.'

'आणि तू मला सांगितलं नाहीस?'

'शपथ घातली व्हती मला. म्हणले, भोंगेवाला भैरा झाला म्हणून सारं गाव हसंल. आन् तिला तर अजाबात सांगू नगंस. ती कवितेत घालंल.'

गयाबाई मागून म्हणाल्या, 'मला वाटलं तुला ठाव हाय. त्या दिशी रिक्षा तीनदा वरडून गेली. मी सोता दारात हुबी ऱ्हाऊन वरडले. मामा आपलं आत बसून ट्रंकंला कुलूप लावत्यात!'

मामा, ती कवितेत घालेल! हे तुम्हाला वाटत होतं माझ्याबद्दल? आणि मी काय केलं, तर घातलंच की कवितेत. फक्त जे नव्हतं ते घातलं. तुमच्या बहिरेपणाला साधना म्हटलं. तुम्ही लाकडातून थरथर चाचपडत होतात आणि मी तिथं उपमा शोधत बसले होते. त्या कारकुनाला मी खोटं पाडलं. त्याच्यासमोर मान खाली घालून मलाच उभं राहावं लागणार आहे. तुम्ही फोनवर यायचा नाहीत, 'त्यास्नी फोनचं याड न्हाई' म्हणून मामी टाळायची. समोर असलात की माझ्या ओठांकडे टक लावून बघायचात, बोलत सुटायचात, दुसऱ्याला मध्ये बोलूच द्यायचा नाहीत. मी आईपाशी कुरकुर केली होती, मामा म्हातारपणी हट्टी झालेत, कुणाचं ऐकून घेत नाहीत. ऐकून घेत नाहीत! कुणी सांगितलं असतं तर मी दर आठवड्याला समोर बसून, ओठ सावकाश हलवून बोलले असते. पाण्याच्या दिवशी तुमच्या शेजारी कुणीतरी असलं असतं. कानाचं यंत्र मिळतं, मामा, शिरूरला मिळतं. मी तुमचे कान झाले असते, आणि तुम्ही मला नुसता तुमचा हात केलंत. चाळीस वर्षं लोकांच्या आनंदाच्या भोंग्याखाली बसून कान गेले, यात लाजायचं काय होतं? आणि लाज वाटलीच तर ती माझ्यापुढं का वाटावी?

आज सकाळी मी वही आणि तांबडं पेन घेऊन बसले. सदतीसपासून पुढं सगळं खोडायचं म्हणून. खोडण्यासाठी प्रथमच सलग वाचलं. वंदना. हळद. हळदीचं दुसरं. मग एक भीमगीत. मुलीकडच्यांचं स्वागत. आणखी एक भीमगीत. मी थांबले. ही नावं उगाच सुचेल तशी फेकलेली नव्हती. त्यांत सकाळ होती, दुपार होती, मांडव भरत जात होता. निळ्या ट्रंकेतली आणि पांढऱ्या ट्रंकेतली गाणी एकाआड एक, एकाच मांडवात, जशी तुम्ही उभ्या जन्मात कधी वाजवली नाहीत. आणि अठ्ठावन्नला, भर पंगतीच्या जागी, बेडकाचं बडबडगीत.

पंगतीला बेडकाचं गाणं जगात कोण लावतं? ते मी सहा वर्षांची असताना तुमच्याकडून तीनतीनदा लावून घ्यायची.

'ती तुझ्या लग्नाची हायेत,' मामी माझ्या मागं उभी होती. 'आठ दिस क्रम लावत बसले व्हते तवा. आन् हॉलवर ट्रंका उघडल्याच न्हाईत.'

चौदा वर्षांपूर्वी, शिरूरच्या त्या हॉलच्या दारात, मी शालूत होते आणि तुम्ही टेम्पोतून उतरत होतात. मी म्हणाले, 'मामा, भोंगा नको हां. गाणं ऐकायचं असतं, माणसांच्या अंगावर ओतायचं नसतं.' हे वाक्यही मला तेव्हा आवडलं होतं. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. 'तुझी कविता चार जण वाचत्यात,' तुम्ही म्हणालात, 'माझं गाणं चार गावं ऐकत्यात.' मग नेहमीसारखे हसलात, 'व्हय, व्हय' म्हणालात, आणि आत जाऊन तिसऱ्या रांगेत रुमालाची घडी मांडीवर ठेवून बसलात. ट्रंका दिवसभर उन्हात टेम्पोत राहिल्या. बागायतदाराच्या त्या चुलत्यात आणि माझ्यात त्या दिवशी काय फरक उरला होता, मामा? तुम्ही दोघांनाही तेच उत्तर दिलंत.

मी चुकले, हे म्हणायला माझ्याकडे चौदा वर्षं होती. त्यातली पहिली दहा तुम्हाला ऐकू येत होतं.

म्हणून हा राग धड कुठं ठेवावा ते मला कळत नाही. जे ऐकू येत नव्हतं ते ऐकल्याचं सोंग करून तुम्ही माझं न वाजलेलं लग्न वाजवलंत, आणि तेही माझ्याच अक्षरात. मी उपकार मानू? मानते. पण राग त्यानं कमी होत नाही. उलट त्याला धार येते.

एक्क्याऐंशीवी राहिली होती. ती तुम्ही प्लेअरवर ठेवलीच नव्हतीत, हे मला आठवलं. धुऊन तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही अंगठा कडेवरून गोल फिरवलात, एका जागी थांबलात आणि म्हणालात, 'ही ठाव हाय. पाठवणीची.' त्या जागी कडेला नखाएवढा टवका आहे. मी सात वर्षांची असताना माझ्या हातून पडली म्हणून. तेव्हापासून गाण्याची पहिली ओळ गेली. तुम्ही दर लग्नात पिन टवक्याच्या पुढं अलगद ठेवायचात आणि गाणं दुसऱ्या ओळीपासून सुरू व्हायचं.

मामीच्या देखत मी ती लावली. हीसुद्धा खोटी निघावी, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणजे रागाला एकसंध जागा मिळाली असती. पिन टवक्याच्या पुढं ठेवली. थोडी खरखर, गाळाचा एखादा कण, आणि मग दुसरी ओळ. पाठवणीचीच. तेवढी एक तुम्ही बरोबर सांगितली होतीत. मामी भिंतीला टेकून खाली बसली. मी तांबड्या पेनाचं टोपण लावलं.

चकत्या मी काढणार नाही. मागच्या कोऱ्या बाजूला चकत्या चिकटवून दोन्ही बाजूंची खरी नावं तिथं लिहीन. पुढची बाजू तुमची राहील.

आणि रविवारी मी भाषण करणार नाही. वंदना माणसं आपल्या तोंडानं म्हणतील. ती संपली की मी भोंगा लावीन. माळ्यावर होता म्हणून तो पाण्यातून वाचला. अंगणातल्या लिंबाला तो बांधायचा, तोंड वस्तीकडे नाही, सगळ्या गावाकडे करून. सदतिसावीपासून सुरुवात. दर तबकडीआधी तुम्ही सांगितलेलं नाव माईकवर सांगेन, आणि मग जे वाजेल ते वाजेल. हळदीच्या जागी भजन, वरातीच्या जागी पाळणा. निळ्या ट्रंकेतलं काय कुठं निघेल ते मलाही ठाऊक नाही. तुम्ही बहिरे होतात हे मी सर्वांना सांगेन. लोक हसतील. ज्या हसण्याला तुम्ही चार वर्षं भ्यालात ते एकदा माझ्यासमोर होऊन जाऊ दे. मला त्यांचे चेहरे बघायचे आहेत.

शेवटी एक्क्याऐंशीवी. पिन टवक्याच्या पुढं ठेवण्याआधी, माझ्या हातून तुटलेली ती पहिली ओळ मी म्हणेन. मला ती पाठ आहे. माझा आवाज बारीक आहे, चार जणांपुरता. पण भोंगा तुमचा आहे. सगळ्यांच्या अंगावर ओतल्यासारखी म्हणेन. चार गावं ऐकतील, मामा. तुम्ही ऐकणार नाही, आणि त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.